डर्ट बाइक बर्फावर न्यायची: ट्रॅक किट घ्यावं की खिळ्यांचे टायर?

हिवाळाभर डर्ट बाइक गॅरेजमध्ये झाकून ठेवायची नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोन्ही चाकं उतरवून पुढे एक स्की आणि मागे रबरी ट्रॅक बसवतात. दुसऱ्यात चाकं तशीच राहतात, फक्त टायरच्या नॉबमध्ये, म्हणजे बाहेर आलेल्या रबरी गोट्यांमध्ये, लोखंडी स्क्रू पिळतात. किटला नवं घेतलं तर पाच ते आठ हजार डॉलर लागतात. स्क्रूचं काम वेगळी जादा चाकं घेऊनसुद्धा हजार-दीड हजारात होतं. तरी पैशावरून सुरुवात करू नये. आपल्या घरापासून दोन तासांच्या अंतरात कसला बर्फ मिळतो, हे आधी पाहावं.

पुढचं सगळं अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातून लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं. इथे थंडी कडाक्याची, तळी गाडीच्या नंबर प्लेटवरच दहा हजार, पण कमरेइतका भुसभुशीत बर्फ क्वचित. बॉइझी, सॉल्ट लेक सिटी किंवा कॅल्गरीसारख्या डोंगरांजवळच्या शहरांतल्या मंडळींचं गणित बरंचसं उलटं येईल. ट्रॅक किटचं सर्वांत माहितीचं नाव म्हणजे टिंबरस्लेड. ही कंपनी मूळची आयडाहोतल्या डोंगराळ सँडपॉइंटची, २०१५ साली स्नोमोबाइल (बर्फावरची ट्रॅकवाली गाडी) बनवणाऱ्या पोलारिसने घेतलेली. ही किटं कुठल्या डोंगरांसाठी जन्मली ते गावाच्या पत्त्यावरूनच कळतं.

किट बसवण्याचं काम कागदावर सोपं आहे. मागचं चाक, ते धरणारा स्विंगआर्म, शॉक आणि लिंकेज उतरवायचं. स्विंगआर्मच्या बोल्टवर किटचा टनेल (ट्रॅकवरचं आवरण) अडकवायचा आणि शॉकच्या वरच्या माउंटला स्ट्रट (आधाराचा दांडा) लावायचा. इंजिनच्या स्प्रॉकेटवरून एक चेन जॅकशाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, जाते, तिथून दुसरी ट्रॅकच्या ड्राइव्ह शाफ्टला. पुढचं चाक निघून फोर्कच्या तळाशी स्पिंडल आणि स्की येते. मागच्या ब्रेकची होज किटच्या कॅलिपरला जोडून ब्लीडिंग करायचं, म्हणजे आतली हवा काढायची. पुढचा कॅलिपर बांधून ठेवताना पॅडच्या मध्ये पातळ लाकडी चकती घालावी, नाहीतर सवयीने लिव्हर दाबला जातो आणि पिस्टन बाहेर येऊन बसतात. पहिल्या वेळी पूर्ण दिवस जातो, हात बसला की अर्धा. यातली खरी मेख फिट किटमध्ये असते. बुश, स्पेसर, स्ट्रटचा ब्रॅकेट, होज हे सगळं बाइकच्या मॉडेलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं. बाइक बदलली की मोठं किट चालतं, पण फिट किटचे काही शे डॉलर पुन्हा मोजावे लागतात.

इंजिन ४५० फोर-स्ट्रोक असावं. ३०० टू-स्ट्रोक हलक्या बर्फात छान जाते. २५० फोर-स्ट्रोक ओढते खरी, पण सतत वरच्या आरपीएमला ठेवावी लागते आणि क्लच लवकर संपतो. दोन्ही चाकं उतरवूनही बाइकचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, आणि ट्रॅकचं घर्षण वेगळंच.

थंडीची तयारी दोन्ही प्रकारांत लागते, किटला जास्त. खोल बर्फात रेडिएटर बर्फाने भरतात आणि इंजिन तापतच नाही. न तापलेल्या इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही. ते आणि वाफेचं पाणी क्रँककेसमध्ये उतरतं, आणि तेलाच्या खिडकीतून पाहिलं तर तेल दुधाळ दिसतं. बऱ्याच मोटोक्रॉस बाइकना थर्मोस्टॅट नसतोच. म्हणून बायपास असलेला, ७० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट होजमध्ये बसवावा. नुसती टेप मारून रेडिएटर झाकणं हा अर्धा उपाय आहे. खोल बर्फात ती कमी पडते, आणि उन्हात कडक वाटेवर हळू चालवताना तीच टेप इंजिन उकळवते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं ठेवलं की उणे ३७ पर्यंत चिंता नाही. १०डब्ल्यू-५० तेल उणे वीसला काकवीसारखं होतं. त्याऐवजी ओल्या क्लचला चालणारं ०डब्ल्यू-४० घालावं, पण आधी मॅन्युअल पाहून. लिथियम बॅटरी थंडीत पहिल्या झटक्याला मान टाकते. मिनिटभर हेडलाइट लावून तिला आतून गरम होऊ द्यावं, मग स्टार्टर दाबावा. कार्ब्युरेटर असेल तर थंड हवेसाठी जेट मोठा लागतो. पण डोंगरावर उंची वाढली की तोच जेट मोठा पडतो, त्यामुळे किटवाल्यांनी फ्यूल इंजेक्शनचीच बाइक घ्यावी असं माझं मत आहे. एअरबॉक्सच्या तोंडांवर पाणी न धरणारी बारीक जाळी लावावी. फोमच्या फिल्टरवर उडालेला बर्फ बसला, वितळला आणि पुन्हा गोठला की इंजिन गुदमरतं, आणि माणूस तासभर पेट्रोलच्या नळीत दोष शोधत बसतो.

आता स्क्रू. हे साध्या दुकानातले पत्र्याचे स्क्रू नसतात. बर्फासाठी कडक केलेले, षट्कोनी डोक्याचे स्क्रू मिळतात, त्यांच्या डोक्याची कड धारदार असते. पकड त्या डोक्यातून मिळते, टोकातून नाही, कारण टोक रबरात गेलेलं असतं. नॉबच्या उंचीप्रमाणे लांबी निवडायची. मोटोक्रॉसच्या बहुतेक टायरना अर्धा इंच पुरतो, पाऊण इंची घेतला की तो आत कारकॅसपर्यंत (टायरच्या मूळ थरापर्यंत) पोचून ट्यूब खातो. टायर मध्यम किंवा कडक जमिनीसाठी बनवलेला घ्यावा. चिखलाच्या टायरचे नॉब उंच आणि मऊ असतात, ते वाकतात, स्क्रू सैल होतो आणि शेवटी नॉबच फाटतो. मधल्या नॉबला दोन, कडेच्यांना एक असा हिशेब धरला तर टायर कोणता आहे त्यानुसार दोन्ही चाकांत मिळून पाचशे ते हजार स्क्रू जातात. ड्रिलला पाव इंची सॉकेट, क्लच हलका, थोडं साबणाचं पाणी. जोर लावून फिरवला की रबरातला आटा मोडतो आणि तो स्क्रू पहिल्याच फेरीत उडतो. मागच्या चाकात डोक्याची धारदार कड ओढीच्या दिशेला यावी, पुढच्यात ब्रेकच्या दिशेला. आत जाड ट्यूब घालावी, आणि तिच्या व टायरच्या मध्ये जुन्या टायरचा कडा कापलेला पट्टा. हवा १२-१४ पीएसआय.

बसवून झाल्यावर चाक हाताने सावकाश फिरवून पाहावं. चेन गाइड, स्विंगआर्मची पुढची बाजू आणि शॉकपुढचं रबरी फडकं ही तीन ठिकाणं घासतात. दोन्ही चाकांवर गार्ड हवंच. पडलेल्या माणसावरून खिळ्यांचं चाक गेलं तर काय होईल ते सांगायला नको. मनगटाला बांधायचा किल-स्विचही त्याच कारणासाठी. स्वीडन-फिनलंडकडे तयार खिळ्यांचे एन्ड्युरो टायर मिळतात, ते महाग पण टिकाऊ. बर्फावरच्या स्पीडवे शर्यतींत २८ मिलिमीटरचे भाले असतात, तो निराळाच प्रकार, त्याच्या वाटेला जाऊ नये.

चांगल्या गोठलेल्या तळ्यावर ही बाइक मातीपेक्षा घट्ट धरते. तळ्यावर साचलेल्या किंवा दाबलेल्या पातळ बर्फातही जाते. पण वीतभर भुसभुशीत बर्फ आला की मागचं चाक फक्त खड्डा खणतं, तिथे स्क्रूची संख्या वाढवून काही होत नाही. डांबरावर पाचशे फूट चालवली तरी धार बोथट होते, म्हणून ट्रेलरवरून ढकलत बर्फापर्यंत न्यायची.

इथवर दोघांचं पारडं सारखंच वाटेल. माझ्यासाठी ते झुकलं एका प्लॅस्टिकच्या पट्टीमुळे.

ट्रॅकच्या आत अॅल्युमिनियमच्या दोन रेल असतात आणि त्यांच्या तळाला प्लॅस्टिकचे स्लाइडर. ट्रॅकवरच्या लोखंडी क्लिपा या स्लाइडरवरून घासत धावतात. उडणारा बर्फाचा भुगा तिथे जाऊन वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो. तेच त्याचं वंगण आणि तेच कूलिंग. पिठी न लावता पोळी लाटायला घेतली की ती पोळपाटाला धरते, तसं भुगा नसेल तर स्लाइडरचं होतं: प्लॅस्टिक मऊ पडतं, क्लिपांना चिकटतं, ट्रॅक जड होतो. आपल्याला वाटतं, बाइक आज ओढत नाही. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. तशाच गरम अवस्थेत थांबलं तर थंड होताना क्लिपा स्लाइडरला धरून बसतात.

हा त्रास स्नोमोबाइललाही आहे, पण तिथे एक सोय आहे. बहुतेक लिक्विड-कूल्ड स्नोमोबाइलचं इंजिनही टनेलखालच्या हीट एक्स्चेंजरवर उडणाऱ्या त्याच बर्फाने थंड होतं. बर्फ कमी पडला की तापमानाचा दिवा लागतो आणि चालक थांबतो. डर्ट बाइकचे रेडिएटर समोरच्या वाऱ्यात असतात. इंजिन मजेत ७५ अंशांवर आणि खाली स्लाइडर वितळतायत. कुठलाही दिवा लागत नाही. ही गोष्ट विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडायची नाही.

उपाय आहेत. बर्फ खरवडून उडवणारे स्क्रॅचर लावता येतात. त्यातले तारेचे घ्यावेत, कारण सळईचे मागे ढकलताना मोडतात, आणि या बाइकला रिव्हर्स नसल्यामुळे मागे ढकलणं होतंच. जादा बोगी चाकं (ट्रॅकच्या आत फिरणारी छोटी चाकं) लावली तर भार वाटला जातो. वाटेच्या कडेच्या मोकळ्या बर्फात अधूनमधून उतरायचं. पण मिनेसोटाच्या सपाट, रोलर फिरवलेल्या, दुपारी वितळून रात्री गोठलेल्या वाटांवर हे सगळं मिळूनही माझ्या अनुभवात पुरत नाही. त्यात अशा वाटेवर एकच स्की स्नोमोबाइलच्या जुन्या चाकोऱ्यांत शिरते आणि हँडल डावी-उजवीकडे खेचत राहते. डोंगरात हाच किट वाटेवर थोडा वेळ आणि मोकळ्या बर्फात दिवसभर असतो. आमच्याकडे प्रमाण उलटं पडतं.

स्क्रूच्या बाजूला दुसरी एक जमेची गोष्ट म्हणजे चाकं बदलायला अर्धा तासही लागत नाही. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. ना धड बर्फ, ना वेळेवर तळी गोठली. अशा वर्षी खिळ्यांची चाकं भिंतीला टेकवून मातीची चाकं लावता येतात. किट बसवलेली बाइक मात्र तशीच बर्फाची वाट पाहत उभी राहते.

किटच्या बाजूने मात्र एक भक्कम मुद्दा आहे, कायद्याचा. अमेरिकी फॉरेस्ट सर्व्हिसच्या नियमांत बर्फावरचं वाहन म्हणजे बर्फावर चालण्यासाठी बनवलेलं, ट्रॅकवर किंवा स्कीवर चालणारं वाहन. किट लावलेली डर्ट बाइक त्यात सहज मोडते, खिळ्यांच्या चाकांची मोडत नाही. म्हणजे राष्ट्रीय वनांतल्या हिवाळी वाटा हेच तुमचं स्वप्न असेल तर स्क्रूचा विचार सोडा, आणि राज्याची नोंदणी कोणत्या वर्गात होते तेही आधी विचारून घ्या. तळ्यावर जाणाऱ्यांना कायद्याइतकीच जाडी पाहावी लागते. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने स्नोमोबाइल किंवा छोट्या चारचाकी एटीव्हीसाठी पाच ते सात इंच नवा, पारदर्शक बर्फ असं मार्गदर्शन दिलेलं आहे. पांढरा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरायचा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. ओढा मिळतो तिथे आणि पुलाखाली बर्फ पातळ असतो. गळ्यात बर्फात रोवायचे टोचे अडकवावेत आणि दर काही अंतरावर भोक पाडून मोजावं.

तर मिडवेस्टमध्ये, घराजवळ तळं असताना, पहिला हिवाळा मी तरी स्क्रूवर काढायला सांगेन. जादा चाकांचा जोड, एक ड्रिल, एक शनिवार. ज्यांची गाडी दर आठवड्याला वायोमिंग-मोंटानाकडे जाणार आहे त्यांनी किटच घ्यावं, आणि शक्यतो वापरलेलं, एप्रिलमध्ये, कारण तेव्हा लोकांना गॅरेजमधली जागा हवी असते. बघायला जाताना टॉर्च न्यावा. स्लाइडरची जाडी पुढच्या वळणापाशी मोजावी, तिथेच ती आधी झिजते. ट्रॅकच्या क्लिपा निळसर पडल्या असतील तर तो ट्रॅक तापलेला आहे. दोन्ही चेन, जॅकशाफ्टचे बेअरिंग, बोगी चाकांचं रबर आणि टनेलला स्ट्रटपाशी तडा आहे का, हे पाहावं. फिट किट तुमच्या बाइकचं नसेल तर त्याची किंमत मागणाऱ्याच्या भावातून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.