माकडतापाची जुनी लस: एक परीक्षण

सरकारी मोहिमेत मोफत मिळणाऱ्या लशीचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. क्यासनूर वनज्वराच्या, म्हणजे सिंधुदुर्ग आणि गोव्यात ज्याला माकडताप म्हणतात त्या आजाराच्या लशीचे मात्र ते व्हायलाच हवे, कारण सह्याद्रीच्या जंगलालगत राहणाऱ्या माणसांनी ती अनेक वर्षे विश्वासाने टोचून घेतली आणि अखेर अपुऱ्या परिणामकारकतेमुळे २०२२ मध्ये कर्नाटकाला ती देणे थांबवावे लागले. माझे मत आधीच नोंदवतो. या लशीमागचे संशोधन मोलाचे होते, तिने अनेकांना वाचवलेही, पण तिच्या मात्रांचे वेळापत्रक आणि गावे निवडण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी आजाराच्या चालीशी कधी जुळल्या नाहीत.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तीव्र तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील, संशोधकांना पहिली शंका आली ती पीतज्वराची. तपासाअंती सापडलेला विषाणू निघाला रशियातील गोचिडींमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. साहजिकच त्या रशियन विषाणूपासून बनवलेली लस येथे वापरून पाहण्यात आली आणि ती निरुपयोगी ठरली. दोन विषाणूंचे नाते जवळचे असले, तरी एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला रोखतीलच असे नसते, हा धडा त्या वेळी मिळाला आणि त्यातूनच या विषाणूची स्वतंत्र लस तयार करण्याच्या कामाला वेग आला. कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवलेला आणि फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेला विषाणू, अशी ही पुढे वापरात आलेली लस होती.

सुरुवातीची आकडेवारी उत्साह वाढवणारी होती. १९९० ते १९९२ या काळातील क्षेत्रीय चाचणीत दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये ९३.५ टक्के परिणामकारकता नोंदली गेली. पुढे २००५ ते २०१० या काळातील माहितीचा अभ्यास झाला, तेव्हा हाच आकडा ६२.४ टक्क्यांवर आलेला दिसला. त्यानंतरची पूरक, म्हणजे संरक्षण टिकवण्यासाठीची, मात्राही घेतलेल्यांमध्ये तो ८२.९ टक्के होता आणि एकाच मात्रेवर थांबलेल्यांना म्हणावे असे संरक्षण मिळालेच नव्हते. दोन मात्रांच्या ६२.४ टक्क्यांचा अर्थ सरळ आहे: लस नसती तर जे शंभर जण आजारी पडले असते, त्यांतील अडतीसच्या आसपास लोक दोन्ही मात्रा घेऊनही आजारी पडणार. निष्क्रिय विषाणू शरीरात वाढत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याची ओळख पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते. म्हणूनच पहिल्या दोन मात्रा एका महिन्याच्या अंतराने, तिसरी सहा ते नऊ महिन्यांनी आणि त्यानंतर पाच वर्षे दरवर्षी एक, असा हा क्रम ठरवलेला होता.

कागदावर हा क्रम शास्त्रशुद्ध आहे, पण तो पाळणारा माणूस कोण आहे हे पाहावे लागते. विषाणू पसरवणारी गोचीड पिल्लाच्या अवस्थेत, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात, जंगलातील पाचोळ्यावर सर्वाधिक असते आणि ती इतकी बारीक असते की कपड्यावर चढलेली चटकन दिसत नाही. भाजावळीसाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजण्यासाठी, पातेरा गोळा करणे, सरपण आणणे, काजूच्या बागेत वाकून बोंडू वेचणे ही सारी कामे त्याच महिन्यांतली. म्हणजे पहिल्या दोन मात्रा पावसाळा सरता सरता पूर्ण व्हायला हव्यात, आणि नेमकी तेव्हा भातकापणी तोंडावर आलेली असते. त्यात या लशीचे इंजेक्शन फार दुखते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येई. हाताला सूज येऊन एका दिवसाची मजुरी बुडाली की दुसऱ्या मात्रेला लोक फिरकत नसत, आणि त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही.

गावांच्या निवडीचा दोष याहून मोठा होता. आजार आढळलेल्या ठिकाणापासून पाच किलोमीटरच्या परिघातील गावांत लसीकरण, असे धोरण होते. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरील गोचिडी तेथेच उतरतात आणि ती जागा धोक्याची होते, हे लक्षात घेता परिघाची कल्पना निराधार नव्हती. मात्र आजार त्या परिघात थांबला नाही. २०१३ च्या सुमारास तो बंदिपूर आणि वायनाडच्या बाजूला दिसला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. लस प्रत्येक वेळी त्याच्या मागून धावत राहिली. साथ पेटल्यानंतर मिळालेली पहिली मात्रा त्या हंगामात कोणाला वाचवू शकत नव्हती, हे वरचे आकडेच सांगतात.

नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी हाती घेतले आहे. तिची परिणामकारकता किती टक्के, हा प्रश्न तर विचारला जाईलच. किती मात्रांत संरक्षण मिळते, ते किती हंगाम टिकते आणि टोचून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस कोयता धरू शकतो का, या तीन गोष्टींची उत्तरे मला त्याआधी हवी आहेत. तोवर पूर्ण अंग झाकणारे कपडे, उघड्या त्वचेवर गोचीडरोधक औषध, जंगलातून परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि मेलेले माकड दिसताच आरोग्य केंद्राला कळवणे, एवढेच हाताशी आहे.