प्लगिन चेक ॲक्शन: काही महिने वापरल्यावर

वर्डप्रेस डॉट ऑर्गवर नवा प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्राम) पाठवला की त्यावर ‘प्लगिन चेक’ ही आपोआप होणारी तपासणी चालते. तीच तपासणी प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) करणारी गिटहब ॲक्शन, म्हणजे गिटहबवर आपोआप चालणारं काम, आता आमच्या सगळ्या रेपोंत (कोडच्या साठ्यांत) आहे. बसवायला सोपी: उबुंटू रनर (काम चालवणारं मशीन), चेकआउट (त्यावर कोड उतरवणं), मग ही ॲक्शन. आतून ती डब्ल्यूपी-एनव्ही या साधनाने डॉकरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) अख्खं वर्डप्रेस उभं करते, त्यामुळे फक्त कोड वाचून नियम तपासणाऱ्या पीएचपीसीएसपेक्षा वेळ जास्त खाते.

खरी मेख बिल्ड-डिर, म्हणजे कोणतं फोल्डर तपासायचं, या पर्यायात आहे. तो दिला नाही तर पूर्ण रेपो तपासला जातो आणि डॉट गिटइग्नोर, डॉट गिटहब, शेल स्क्रिप्ट यांच्यावरच तक्रारी येत राहतात. त्यांना एकेक अपवाद लिहीत बसण्यात अर्थ नाही. या फायली प्लगिनच्या अंतिम झिपमध्ये जाणारच नसतात. डॉट डिस्टइग्नोर (झिपमधून वगळायच्या फायलींची यादी) ठेवा, डब्ल्यूपी डिस्ट-आर्काइव्ह या कमांडने झिप करा, ती उघडून ते फोल्डर ॲक्शनला द्या. फोल्डरचं नाव मात्र प्लगिनच्या स्लगचंच (वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या पत्त्यातल्या नावाचंच) हवं. ‘बिल्ड’ असं नाव दिलंत तर तोच स्लग धरला जातो आणि भाषांतराच्या प्रत्येक ओळीवर टेक्स्ट डोमेन (भाषांतर ओळखायचं नाव, जे स्लगसारखंच लागतं) जुळत नसल्याची तक्रार येते. नाव बदलणं शक्य नसेल तर स्लग वेगळा देता येतो.

जुन्या कोडवर पहिल्यांदा चालवाल तेव्हा लॉग उघडून वाचा. कारण गिटहब एका स्टेपमागे (कामाच्या एका पायरीमागे) १० एरर आणि १० वॉर्निंगच पुल रिक्वेस्टवर दाखवतं.

वॉर्निंगचा ढीग पाहून इग्नोर-वॉर्निंग्ज (वॉर्निंग लपवणारा पर्याय) चालू करावंसं वाटतं, पण नॉन्स (विनंती खरी आहे का हे पाहायचा सुरक्षा टोकन) तपासणीतले काही शेरे वॉर्निंग म्हणूनच येतात आणि तेही गडप होतात. सर्वांत जास्त कटकट थेट डेटाबेस क्वेरीची. प्लगिनचं स्वतःचं टेबल असेल तर दुसरा इलाजही नसतो. तिथे त्या ओळीपुरती ‘पीएचपीसीएस-इग्नोर’ ही टिप्पणी लिहावी, नियमाच्या पूर्ण कोडनावासह आणि कारणासकट.

कोडला हात न लावता बिल्ड लाल होतं (तपासणी नापास होते) तेव्हा आधी रीडमी (प्लगिनची माहिती असलेली फाइल) पाहा. वर्डप्रेसची नवी मोठी आवृत्ती आली की रीडमीतलं ‘टेस्टेड अप टू’ (कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं आहे) जुनं ठरतं, आणि तो सरळ एरर आहे. शिवाय ॲक्शन प्लगिन चेकची ताजी आवृत्ती घेते, म्हणजे नवे नियम आपोआप लागू. आठवड्यातून एकदा मुख्य ब्रँचवर शेड्यूल लावलं की हे रिलीजच्या दिवशी समोर येत नाही.

जुन्या पीएचपीवर प्लगिन चालेल का, हे यातून कळत नाही. त्यासाठी पीएचपी ७.४ पासून पुढच्या आवृत्त्यांची मॅट्रिक्स (प्रत्येक आवृत्तीवर तेच काम चालवणारी यादी) आणि पीएचपीयुनिट (चाचण्या चालवणारं साधन) वेगळ्या जॉबमध्येच ठेवावं लागतं.