नाण्यांच्या लिलावाचं ॲप, आठ महिन्यांनंतर: समोरून बोली कोण लावत होतं?

दिवाळीपासून हे ॲप वापरतोय. तक्रार अजून चालू आहे म्हणून नाव घेत नाही. आतापर्यंत एकवीस लॉट घेतले, बहुतेक शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि थोडी होळकरांची तांब्याची नाणी.

आधी चांगलं सांगतो. फोटो दोन्ही बाजूंचे आणि स्वच्छ असतात, वजन दिलेलं असतं, एकही पाकीट फाटलेलं आलं नाही. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मला इथेच रास्त भावात मिळाला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि पुढच्या वर्षी साचा बदलावा लागला, तोच हा रुपया. कितीतरी वर्षं शोधत होतो.

आता मार्चमधली गोष्ट. एका दुदांडी शिवराईवर (शिवराईचाच एक प्रकार) मी कमाल बोली १,५०० रुपये ठेवली. हा आकडा कुणाला दिसत नाही, ॲप आपल्या वतीने लागेल तेवढंच चढत जातं. भाव ९५० वर असताना एका खात्यावरून एकदम ५,००० ची बोली आली. माझी बोली १,५०० पर्यंत जाऊन थांबली आणि माझी मर्यादा उघडी पडली. दहा मिनिटांत ती बोली मागे घेतली गेली, कारण दिलं होतं ‘शून्य चुकून जास्त पडलं’. भाव परत ९५० वर आला. मग त्याच खात्यावरून १,४५० ची बोली! नाणं मला १,५०० ला मिळालं.

त्या रात्री मी जुन्या लिलावांच्या बोल्या एकेक करून वहीत उतरवल्या. या विक्रेत्याकडून घेतलेल्या नऊ लॉटपैकी सातांत दुसऱ्या क्रमांकावर हेच खातं होतं. माझ्या बाकीच्या बारा लॉटवर त्याची एकही बोली नाही. एकदा मी मधेच थांबलो होतो, तेव्हा लॉट त्याच्याच गळ्यात पडला. दोन दिवसांनी विक्रेत्याचा निरोप आला की त्या ग्राहकाने पैसे भरले नाहीत, तुमच्या शेवटच्या बोलीला घेता का? तेव्हा मी आनंदाने घेतलं होतं.

मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना वडिलांबरोबर लहानपणापासून गेलोय. तिथे बोली लावणारा समोर उभा असतो, कोण कुणाचा माणूस हे सगळ्या पेठेला ठाऊक असतं. इथे नावाऐवजी दिसतात दोन अक्षरं आणि मधे चांदण्या. अमेरिकेत ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर तिघांनी चाळीसहून जास्त खाती काढून एकमेकांच्या मालावर बोल्या लावल्या होत्या. २००० साली त्यांतल्या एका चित्राची बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली, तेव्हा कुठे ते उघडकीला आले. माझे पाच-सहाशे रुपये कोण शोधणार?

पण कायदा आपल्या बाजूने आहे, आणि हे प्रत्येक संग्राहकाला माहीत असायला हवं. मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४: विक्रेत्याने आधी जाहीर न करता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदेशीर आहे, आणि खोट्या बोलीने भाव चढवला असेल तर खरेदी रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मी ॲपकडे तक्रार केली, पोच वेळेत मिळाली. उत्तर आलं ते एका ओळीचं: चौकशीत गैर काही आढळलं नाही. मागे घेतलेल्या त्या ५,००० च्या बोलीबद्दल अवाक्षर नाही.

आता कमाल बोली ठेवणं बंद केलंय. आकडा वहीत लिहितो आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात हाताने एकदाच बोली लावतो. कुणी बोली मागे घेतलेली दिसली की तो लॉट सोडतो. त्या विक्रेत्याकडे पुन्हा गेलो नाही. पाचपैकी दोन तारे देतोय, तेही पॅकिंग आणि फोटोंसाठी.

कलमाचा उल्लेख करून दुसरी तक्रार गेल्या आठवड्यात पाठवली. दुदांडी परत करायची तयारी आहे, असं त्यात लिहिलंय. तोवर ती अल्बममध्ये न लावता पाकिटातच ठेवली आहे.