हौद्याला दहापैकी आठ, केबिनला जेमतेम पाच

दीड टनी पिकअप घेऊन आता दीड वर्ष झालं. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, शोरूमवाला आमच्याच वाड्यावरचा आहे, आणि खरं सांगायचं तर या वजनातल्या गाड्यांत उन्नीस-बीसच फरक असतो. इंजिन, मायलेज यावर सगळेच बोलतात, मी फक्त हौदा आणि केबिनवर लिहितो कारण माझा रोजचा संबंध तेवढ्याशीच. आमचं गोव्यात सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बागायत, त्यामुळे नारळ, सुपारी, केळी, शुक्रवारी म्हापशाचा बाजार, आणि धाकटा भाऊ फर्निचरचं काम करतो म्हणून मधूनमधून प्लायवूड.

आधी घरी छोटा हत्ती होता, म्हणजे टाटा एस, २००५ साली आली ती. फोंड्याच्या बाजारात घुसायला आणि वळवायला तिला तोड नाही. पण हौदा सात फुटी आणि प्लायवूड आठ फुटी, म्हणजे प्रत्येक फेरीला फाळका, म्हणजे हौद्याची खाली पडणारी बाजू, उघडा ठेवून मागे लाल फडकं बांधायचं. नवीन गाडीचा हौदा मी स्वतः टेप लावून मोजला, नऊ फूट लांब, साडेपाच रुंद, आणि आतल्या बाजूला चाकाचे उंचवटे नाहीत. ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे हो. चार फुटी शीट सपाट झोपतं, बाजूला दीड फूट उरतं त्यात भावाची हत्यारांची पेटी बसते. ते डबल केबिनवाले देखणे पिकअप, हायलक्स वगैरे, त्यांचा हौदा पाच फुटांच्या आसपास असतो, पाच माणसं आरामात जातात हे खरं पण केळीचे घड ठेवायचे कुठे?

आता दीड टन म्हणजे नक्की किती हे कागदावर कळत नाही. काकांच्या कंपाउंडसाठी चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, आणले तेव्हा कळलं. एक चिरा तीस किलोच्या घरात, पन्नास चिऱ्यांत गाडीचा कोटा संपला, आणि हौद्यात बघितलं तर तळावर दोन थर पण धड झाले नव्हते. चिरेखाणीवरचा पोरगा म्हणतो अजून वीस टाक, काय होत नाय. होत नाय कसं, पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सरळ होऊन बसतात आणि चढावाला पुढचं स्टिअरिंग हलकं लागतं. उलट न सोललेले नारळ भरले की हौदा वरपर्यंत फुगतो, वर जाळी मारावी लागते, तरी काट्यावर वजन निम्मंसुद्धा भरत नाही. त्यामुळे गाडी घेताना आधी स्वतःचा माल जड आहे की नुसता फुगीर ते बघा, फुगीर असेल तर टनाचे जादा पैसे देऊन काही फायदा नाही, फाळक्याची उंची बघा. आमचा फाळका पंधरा इंची, नारळाला कमीच पडतो.

फाळका तीन बाजूंनी पडतो हे झकास. पण कड्या! साध्या लोखंडी कड्या, नव्या असताना घट्ट, सहा महिन्यांत खडखडायला लागल्या, रात्री बोरीच्या रस्त्याने रिकामी गाडी आणली की सगळ्या वाड्याला कळतं कोण आला. एकदा घाईत बोट चेपलं, नख अजून काळं आहे. दोरी बांधायचे हूक एका बाजूला चारच, ताडपत्री मधून फुग्यासारखी फुगते.

आणि पहिल्याच पावसात मोठा फटका बसला. रिकामी किंवा हलकी गाडी मागून उंच उभी राहते, पाटे जड मालासाठी बनवलेले ना, त्यामुळे हौद्यातलं पाणी फाळक्याकडे वाहून जायच्या ऐवजी पुढे केबिनच्या भिंतीपाशी जमतं. तिथे भोक नाही! कंपनीत कोणी भर पावसात रिकामी गाडी उभी करून बघितली नसणार. वाळवलेल्या सुपारीची दोन पोती खालून भिजली, वरून हात लावला तर कोरडी, खाली बुरशी. त्यानंतर कुंडईच्या आयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, जुनी लाकडी पॅलेट आणून खाली टाकली, तेव्हापासून माल सुका आहे.

केबिनचं काय सांगू. कागदावर ड्रायव्हर अधिक दोन. चवथीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेतून गणपती आणायला गेलो, खिडकीकडे बाबा मांडीवर मूर्ती घेऊन, मध्ये पुतण्या. दुसरा गिअर टाकला की दांडा थेट त्याच्या गुडघ्यावर. पोरगं शेवटी शहाणं झालं, मी क्लच दाबला की आपणहून पाय उचलायचं, "काका, टाक आता" म्हणायचं. घरापर्यंत तसंच. मागे हौद्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळं-पानांचं, सामान होतं, तिथे बसतो म्हणत होता पण मालाच्या गाडीत मागे माणूस बसवायला बंदी आहे आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात, म्हणून नाही बसवला.

सीटची पाठ कलत नाही, मागे भिंत. छत्री, कोयता, बिलबुक, पाण्याची बाटली, सगळं पायाशी. एक गोष्ट मात्र मानली, इंजिन पुढे बॉनेटखाली आहे, छोट्या हत्तीत सीटखाली असायचं तसं नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये खालून भाजत नाही. एसी नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली पण ती साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना, यात गाडीचं स्वतःचं वजनही धरतात आणि आमची त्याच्या आतच बसते. म्हणजे घाम आमचाच.

पुढच्या सोमवारी वेल्डरकडे नेतोय. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक भोक, दोन्ही बाजूंना चार-चार हूक जास्तीचे आणि कड्यांना रबर. गिअरच्या दांड्याचं काय करता येईल का म्हणून विचारलं तर तो हसला नुसता.