मिसळ की कुकरची शिट्टी: कामाला बसवणारे दोन उपाय

"मामा, कामाचा मूड आणायचं मेंदूचं काहीतरी शास्त्र असतं म्हणे. खरं का रे?" ऐरोलीहून भाचीचा फोन. घरून काम, महिनाअखेरचा अहवाल आणि तीन दिवस लॅपटॉप नुसताच उघडा. मी ठाण्यात नौपाड्यात बसून लोकांची जीएसटी रिटर्नं भरतो, तेव्हा कंटाळवाण्या कामाचा अनुभव दांडगा. दोन उपाय स्वतःवर करून पाहिलेत: काम झालं की बक्षीस, किंवा आधीच केलेला जर-तरचा करार.

बक्षीस म्हणजे माझ्यासाठी मामलेदारची मिसळ. दहा रिटर्नं झाली की मिसळ. पहिला महिना हात भराभर चालले. तिसऱ्या महिन्यात तर्री तेवढीच जहाल, पण कामाला रेटा नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मला याचं कारण उमगलं. अवचित फळाचा रस मिळाला की माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी (डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या) उसळायच्या. खूण दिसली की रस येतो, हे अंगवळणी पडल्यावर त्या खुणेलाच उसळू लागल्या, रसाला नाही. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही गप्प व्हायच्या. थोडक्यात, या पेशी अंदाज किती चुकला याचा हिशेब ठेवतात. ठरलेली मिसळ माझ्या मेंदूला शिळी बातमी झाली होती.

म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या. दोनांवर मिसळ, एकीवर तलावपाळीची फेरी, बाकी कोऱ्या. काम झालं की एक काढायची. बायको याला घरगुती मटका म्हणते, पण कंटाळवाण्या कामाला तो अजून चालतोय.

आवडीच्या कामाला मात्र बक्षीस लावू नये. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर हीच मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ रंगांशी खेळत होती. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड शाबूत. भाची फावल्या वेळात वारली काढते. तिला बजावलं, त्याला मिसळ बांधू नकोस.

आता जर-तर. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची कल्पना इतकी साधी, की मला आधी चेष्टा वाटली: 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधीच नेमकं ठरवायचं. 2006 साली सहसंशोधक शीरन यांच्यासोबत त्यांनी 94 चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिले. नुसत्या इराद्यापेक्षा असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याचं प्रमाण चांगलंच जास्त होतं. 'आज काम करेन' म्हटलं की कधी बसायचं यावर दिवसभर स्वतःशी घासाघीस. खूण ठरली की ती घासाघीसच उरत नाही. माझी खूण, कुकरची तिसरी शिट्टी. गॅस बंद करायचा, हात पुसायचे, पहिल्या ग्राहकाची बिलं उघडायची. मूड असो वा नसो.

याचंही दुखणं आहे. शिट्टी खुर्चीवर बसवते, चौथ्या तासाला तिथे टिकवत नाही. तिथे चिठ्ठ्यांचा डबाच कामी येतो. शिवाय खूण रोज घडणारी हवी. 'जेवण झाल्यावर' असलं ढगळ काही ठरवलंत तर जेवण लांबतं.

पैसा, वेळ दोन्हींना जवळपास शून्य, तेव्हा तो हिशेब सोडा. अडतं कुठे ते पाहा. सुरुवातच होत नसेल तर जर-तर. सुरू होऊन मधेच दम निघत असेल आणि काम रटाळ असेल तर चिठ्ठ्या. आठवडेच्या आठवडे आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर दोन्ही सोडून डॉक्टरकडे जावं.

भाचीचं अडत होतं सुरुवातीलाच. तिने लिहून काढलं: "भांडीवाल्या मावशी गेल्या की दार लावून थेट अहवालाची फाइल." लगेच तिलाच शंका, मावशींनी दांडी मारली तर? म्हणून खाली दुसरी ओळ आली: "मावशी आल्या नाहीत, तर भांडी मी घासून झाली की."