श्रीलंका की जॉर्डन: चार मित्र, एक गाडी आणि मोजके दिवस

कोलंबोच्या कतुनायके विमानतळापासून सिगिरियाचा प्राचीन खडक-किल्ला दीडशे किलोमीटरवर आहे आणि पोचायला साडेतीन-चार तास लागतात. जॉर्डनची राजधानी अम्मानच्या विमानतळापासून कातळात कोरलेलं प्राचीन शहर पेत्रा त्याहून लांब, दोनशेच्या आसपास, पण डेझर्ट हायवेने तीन तासांत माणूस तिथे असतो. ग्रुपमध्ये 'लंका की जॉर्डन' हा वाद रंगला असेल तर आधी हे आकडे समोर ठेवा. प्राचीन दगड दोन्हीकडे भरपूर आहेत. लाँग वीकेंडला टंचाई असते ती तासांची.

श्रीलंकेची मोठी सोय म्हणजे सगळं एका टापूत आहे. दांबुल्ला, सिगिरिया किंवा हबरणा, कुठेही एकच मुक्काम टाका. तिथून पोलोन्नारुवा दीड तासाच्या आत आणि अनुराधपूरही जवळपास तेवढंच; दोन्ही लंकेच्या जुन्या राजधान्या. रोज बॅगा भरायची कटकट नाही. सिगिरियाचा खडक आसपासच्या जमिनीपासून सुमारे १८० मीटर उठतो, पायऱ्या बाराशेच्या घरात. बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपाने (इ. स. ४७७–४९५) भावाच्या भीतीने इथे राजधानी आणली. पण मला राजापेक्षा तिथली 'आरसा भिंत' जास्त आवडते. गुळगुळीत गिलाव्याच्या या भिंतीवर हजारेक वर्षांपूर्वीच्या पर्यटकांनी वरच्या चित्रांमधल्या स्त्रियांवर सिंहलीत कविता खरडून ठेवल्या आहेत. वाचता आलेल्या सातशेच्या आसपास भरतात. आज तिथे कोणी पेन काढलं तर दंड होईल, हा भाग वेगळा.

पोलोन्नारुवाला मात्र अर्धा दिवस पुरेल असं समजू नका. चोळांनी अनुराधपूर मोडून राजधानी इथे आणली, १०७० मध्ये सिंहली राजा विजयबाहूने त्यांना हाकललं, आणि तरी त्यांच्या काळातलं दगडी शिवालय आजही उभं आहे. पुढे पराक्रमबाहूने बांधलेला तलाव इतका अफाट की त्याचं नावच 'पराक्रम समुद्र'. गल विहारातला पहुडलेला बुद्ध चौदा मीटर लांब, एकाच कातळातला. अवशेष विखुरलेले असल्याने गाडी गेटाजवळ ठेवून भाड्याच्या सायकली घेणं उत्तम. चप्पल काढावी लागते आणि दुपारचा दगड तव्यासारखा तापतो, म्हणून जाड मोजे न्या. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत.

जॉर्डनमध्ये गणित उलटं होतं. तिथे रस्ता हाच सहलीचा अर्धा भाग. डेझर्ट हायवे वेगवान आणि कंटाळवाणा. त्याला समांतर जाणारा किंग्ज हायवे पाच-सहा तास खातो, पण त्यावर मदाबाच्या चर्चमधला सहाव्या शतकातला मोझेक नकाशा आहे, वादी मुजिबची खोल दरी उतरून पुन्हा चढणारी वळणं आहेत, आणि करक व शोबक हे क्रुसेडरांचे (मध्ययुगातल्या युरोपीय ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे) दोन किल्ले आहेत. गडकोटांचं वेड असलेल्या ग्रुपने करक चुकवू नये. ११८३ मध्ये आत लग्न चालू असताना मुस्लिम सुलतान सलादिनने वेढा घातला. नवऱ्या मुलाच्या आईने त्याला लग्नाचं जेवण पाठवलं आणि त्याने नवदांपत्याच्या बुरुजावर मारा न करण्याचा हुकूम दिला, असं सांगतात. किल्ला शेवटी ११८८ मध्ये पडला.

पेत्राबद्दल एवढंच सांगतो: तो एक पूर्ण दिवस आहे. सिक नावाची सव्वा किलोमीटरची अरुंद घळ संपते तिथे कातळात कोरलेला अल-खझ्ने उभा राहतो (शब्द ऐका, आपला 'खजिना'च), आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. खरी मजा पुढे, देईर म्हणजे 'मठ' या कोरीव वास्तूपर्यंतच्या आठशे पायऱ्या चढल्यावर. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याला दोन्ही देशांत खाली बसावं लागेल, पण पेत्रात खाली बसूनही बघायला पुष्कळ आहे. सिगिरियात खाली राहिलेल्याच्या वाट्याला बागा आणि पाण्याची कुंडं.

चालवायचं कोणी? श्रीलंकेत गाड्या डावीकडून चालतात, पण बस आणि टुकटुक यांच्या गर्दीत सरासरी वेग पडतो, आणि हबरणाच्या रस्त्यावर संध्याकाळी हत्ती येतात. शिवाय आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत स्थानिक मान्यता लागते. म्हणून तिथे ड्रायव्हरसकट गाडी घेणं मला शहाणपणाचं वाटतं. जॉर्डनमध्ये उजवीकडून चालवायचं, पण अम्मानच्या बाहेर रस्ते मोकळे आहेत. गावांतले रंग न मारलेले गतिरोधक तेवढे अंगावर येतात. स्वतः चालवण्याची हौस असेल तर जॉर्डनच.

पैशांत श्रीलंका स्वस्त. एकट्या सिगिरियाचं परदेशी तिकीट तीस-पस्तीस डॉलरच्या घरात आहे, हे खरं. पण सार्क देशांच्या पासपोर्टवर सवलत मिळते, तेव्हा पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका. जॉर्डनमध्ये पेत्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार आणि व्हिसा ४०. त्याऐवजी ७० दिनारचा जॉर्डन पास (साधारण ९९ डॉलर) घेतला की दोन्ही त्यातच येतात, वर करक, शोबक आणि जेराशचे रोमन अवशेषही. मुख्य अट: देशात किमान तीन रात्री मुक्काम.

ही अटच निम्मा निर्णय करून टाकते. दोनच रात्री हातात असतील तर श्रीलंका, चर्चा नको. तीन रात्री असतील तर महिना पाहा. जून ते सप्टेंबर लंकेचा हा टापू कोरडा असतो, तर जॉर्डन तापलेलं. ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये मी डोळे झाकून जॉर्डन म्हणेन. नोव्हेंबरपासून दोन्हीकडे पावसाचा धोका, आणि पेत्राच्या घळीत अचानक पूर येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये पर्यटकांना घाईने बाहेर काढावं लागलं होतं. आणखी एक गोष्ट जॉर्डनच्या विरोधात जाते: २०२४ आणि २०२५ मध्ये शेजारच्या संघर्षामुळे तिथलं आकाश काही काळ बंद झालं होतं. सोमवारी सकाळी ऑफिसात हजर राहावंच लागणारा कोणी गाडीत असेल तर हे विसरू नका.

जॉर्डन ठरलंच तर पहिली रात्र मदाबात काढा, अम्मानच्या ट्रॅफिकमध्ये शिरूच नका. जाताना किंग्ज हायवे, परतताना डेझर्ट हायवे. आणि पास विमानात बसण्याआधीच ऑनलाइन काढून ठेवा. उतरल्यावर काढलात तर व्हिसाचे ४० दिनार माफ होत नाहीत.