बायोआयओ: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

काम मांडवी-जुवारीच्या पाण्यातले डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शेवाळं, मोजायचं. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाच्या फाइली वाचणारी बायोआयओ ही पायथन लायब्ररी उत्तम आहे, पण डोळे झाकून विश्वास टाकण्याजोगी नाही. एआयसीएसइमेजआयओ या जुन्या लायब्ररीची जागा आता हिने घेतली आहे.

पहिली ठेच इन्स्टॉल करतानाच लागते. मूळ पॅकेज एकटं तुमची फाइल उघडत नाही. सीझेडआय, एनडी2, लिफ असे सूक्ष्मदर्शकांच्या फाइलींचे प्रकार, ज्याचा त्याचा प्लगइन वेगळा टाकावा लागतो. अनेक प्रकारच्या फाइली वाचणाऱ्या बायो-फॉरमॅट्सच्या प्लगइनला जावा लागतं, म्हणून तो अगदी शेवटी.

मेमरीचा हिशेब आधी करा. 2048 बाय 2048, 16 बिटचं एक चित्र 8 एमबी. 3 चॅनल, खोलीचे 40 थर (झेड), 60 वेळा धरले तर 7,200 चित्रं, म्हणजे 56 जीबी. नुसतं 'डेटा' मागितलंत की सगळं मेमरीत येतं आणि 16 जीबीचा लॅपटॉप आडवा. 'गेट इमेज डास्क डेटा'ला एकच टी (वेळ) आणि एकच सी (चॅनल) दिला, तर 'कम्प्युट'नंतर 320 एमबीचाच अॅरे हातात येतो.

खरा घोळ सीनचा. एका फाइलमध्ये स्लाइडवरच्या 12 जागा असल्या तरी वाचली जाते पहिलीच, आणि एरर येत नाही! मोजणी निमूट बाराव्या हिश्शावर येते. 'सीन्स'च्या यादीवर लूप लावून दर वेळी 'सेट सीन' करायचं.

तसंच पिक्सेलच्या मापाचं. मेटाडेटात माप नसेल तर 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) मिळतं आणि घाईत कुणीतरी तिथे 1 भरतो. 6.5 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा, 40एक्स लेन्स: एक पिक्सेल 0.1625 मायक्रॉन. तिथे 1 धरला की 40 मायक्रॉनचा डायटम 246चा होतो. कोडने अशा वेळी सरळ थांबावं. कॅमेऱ्यापुढे 0.5एक्स अडॅप्टर असेल तर माप 0.325, शंका आली तर स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचेचा, फोटो काढून पिक्सेल मोजा.

फाइल लिहिण्यासाठी मात्र टिफफाइल ही दुसरी लायब्ररीच बरी. साध्या टिफमध्ये 4 जीबीची मर्यादा, म्हणजे अशी 512 चित्रंसुद्धा मावत नाहीत. ही मर्यादा नसलेला 'बिगटिफ' चालू ठेवा आणि 'अॅक्सीज' (axes, अक्षांचा क्रम) स्वतः लिहून द्या, नाहीतर झेडला टी समजलं जाऊ शकतं. पावसाळ्यात वीज जाणारच, तेव्हा आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि फाइल बंद झाल्यावरच खरं नाव द्या. अर्धवट फाइल निदान नावावरून तरी ओळखू येते.